बरोबर लिहिलेला खोटा शिक्का

दुकानात मधाची बाटली उचलताना तुम्ही नेमका विश्वास कोणावर ठेवता, हे मला एकदा सांगाल का? दुकानदारावर? तो वजन करत असतो तेव्हा तुमची नजर काट्यावरून हलत नाही. मधमाशीवर? ती तुमच्या ओळखीची नाही. तुम्ही बाटली फिरवता, लेबलावरचा निळा गोल बघता, मान डोलावता आणि बाटली पिशवीत टाकता. म्हणजे विश्वास त्या गोलावर.

तो गोल उमटवणारा रबरी शिक्का मी बोलतोय. आणि आधीच सांगून टाकतो, मी खोटा आहे. मालातला दोष विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला की पुढचं बोलणं सोपं जातं, हे मी बाजारात राहून शिकलो. माझ्या अंगावर कडेने गोलाकार 'तपसाणी प्रयोगशाळा' असं लिहिलं आहे आणि मधोमध दोन शब्द, 'शुद्ध आढळले'. अक्षरं देखणी आहेत. मूठ शिसवी लाकडाची आहे. शिक्क्यांमध्ये दिसायला मी उजवाच म्हणायचा.

माझा जन्म कचेऱ्यांच्या रांगेसमोर, एका इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत झाला. खोली एवढीशी, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला पोट आत घ्यावं लागे. मालक म्हणजे वेलांटीकाका. सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधायचं काम. छापखाना बंद पडला, चुका शोधायची सवय काही बंद पडली नाही. मग त्यांनी लेकीच्या मदतीने शिक्क्यांचं दुकान काढलं. लेक संगणकावर मजकूर जुळवायची, काका तो तपासायचे.

एकदा एका दंतवैद्याने शिक्का करायला टाकला. काकांनी त्याच्या आडनावातला उकार दुरुस्त करून दिला. दंतवैद्य म्हणाला, "अहो, आमच्या घरात चार पिढ्या आडनाव असंच लिहितात." काका म्हणाले, "म्हणजे चार पिढ्यांत तुम्हाला कोणी सांगितलंच नाही." शिक्का फुकटात पुन्हा करून द्यावा लागला. लेक आठवडाभर वडिलांशी तोलून मापून बोलत होती.

या दुकानात एक रीत होती. शिक्का तयार झाला की त्याचा पहिला ठसा गिऱ्हाइकाच्या कागदावर नाही, तर काकांच्या जाडजूड वहीत उमटायचा. काका त्याला 'तोंड दाखवणं' म्हणत. ठशाखाली शिक्का कोणाचा, कोणी सांगितला, फोन नंबर, नेणाऱ्याची सही. काही पत्र आणलं असेल तर तेही तिथेच डकवायचं. मी तरी हे फार मनावर घेतलं नव्हतं. नवीन माणसाला आणि नवीन शिक्क्याला आपण कुठून आलो यापेक्षा कुठे निघालो याचीच घाई असते.

मला करून घ्यायला आले ते दोघे नात्याने दाजी आणि मेहुणा. घराच्या मागच्या खोलीत साखरेचा पाक आटवून, त्यात थोडा खरा मध वासापुरता घालून, ते मधाच्या बाटल्या भरायचे. दाजी सावध माणूस. मेहुणा हुशार, निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं. या हुशाराने पूर्वी एकदा कोणाची तरी सायकल उचलली, तिला हिरवा रंग दिला आणि विकली. घेणारा निघाला मूळ मालकाचा सासरा. सासऱ्याने ती कौतुकाने जावयाला भेट दिली. जावयाने घंटी वाजवून बघितली, पुन्हा वाजवली आणि म्हणाला, "आवाज ओळखीचा वाटतो." मेहुण्याने मालकाचं घर शोधून, भर दुपारी जाऊन माफी मागितली, म्हणून ते प्रकरण घरातल्या घरात मिटलं. यातून त्याने काय धडा घ्यावा? तर पुढच्या वेळी घंटीसुद्धा बदलायची.

तर एक मोठा दुकानदार या दोघांना म्हणाला होता, "प्रयोगशाळेचा शिक्का असेल तरच बाटली माझ्या फळीवर ठेवीन." शिक्का मिळवायचा तर मध तपासायला द्यावा लागतो, आणि तपासायला द्यावा असा मध त्यांच्याकडे नव्हता. मेहुणा म्हणाला, "दाजी, मध तपासून घेण्यापेक्षा शिक्काच करून घेऊ." दाजींनी एक दिवस विचार केला आणि हो म्हणाले. माणूस चुकीचा निर्णय उगाच घेत नाही, पुष्कळ विचार करून घेतो.

नमुना म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या मधाची खरा ठसा असलेली बाटली आणली. मेहुण्याने पदरचं लिहिलेलं एक पत्रही होतं, त्यावर कोणा साहेबाची सही.

"आम्ही प्रयोगशाळेतून आलोय," दाजी म्हणाले. "जुना शिक्का झिजला. असाच नवीन पाहिजे. हुबेहूब. टिंबसुद्धा इकडचं तिकडे नको."

काकांनी बाटली हातात घेतली, भिंग लावलं आणि चेहरा असा केला जणू आत झुरळ दिसलं. "हे चुकलंय."

दाजींच्या कपाळावर घाम आला. "काय चुकलंय?"

"शुद्ध. यात आधी अर्धा द, मग ध. इथे अर्धा ध घेऊन त्याला द जोडलाय. 'शुध्द'. बघा. शुद्ध हाच शब्द अशुद्ध. तुमच्याकडे लिहितं तरी कोण?"

"असू द्या हो. आहे तसंच करा."

"आहे तसंच?" काकांनी भिंग खाली ठेवलं. "चूक कळली, तरी चुकीचंच पाहिजे? आणि तुम्ही प्रयोगशाळेचे?"

आता प्रयोगशाळेचा खरा नोकर असता तर म्हणाला असता, मला काय करायचंय, सांगितलंय तसं करा. पण खोट्या माणसाला आपण खरे आहोत हे सारखं सिद्ध करावंसं वाटतं. मेहुणा पुढे सरसावला. "नाही नाही, काका. आमचे साहेबपण हेच म्हणत होते. म्हणून तर नवीन करून घेतोय." आणि मग, "दाजी, पाय. माझ्या पायावर पाय आहे तुमचा."

"दाजी?" काकांनी विचारलं.

"ऑफिसात सगळे त्यांना दाजीच म्हणतात," मेहुणा म्हणाला.

काकांनी पत्र वाचलं. नऊ चुका निघाल्या. त्या लाल पेनाने दुरुस्त करून त्यांनी पत्र वहीसाठी ठेवून घेतलं. दोघे गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, मला ही माणसं धड वाटत नाहीत. प्रयोगशाळेत एक फोन करून विचारू का?"

"कशाला? अगं, चूक दाखवली तर लोक भांडायला उठतात. यांनी लगेच मान्य केली. दुरुस्ती मान्य करणारा माणूस सरळ असतो."

कोणावर विश्वास ठेवायचा याचं हे काकांचं माप. प्रत्येकाचं असं एक माप असतं, आणि फसवणारा नेमका त्या मापात बसतो, पुष्कळदा त्याच्याही नकळत.

मग मी जन्मलो. फिल्मवर चिकट रबरी रस ओतला, प्रखर दिव्याखाली धरला, नको तो भाग धुऊन काढला, उरलेला मी. मुठीला चिकटल्यावर काकांनी मला वहीत तोंड दाखवलं आणि ठशातल्या 'द्ध'कडे बराच वेळ बघत राहिले. "हा बघ," ते लेकीला म्हणाले. "जोडाक्षर कसं दिसावं तर असं." मला न्यायला मेहुणा आला. वहीत नाव त्याने खोटं लिहिलं. फोन नंबर मात्र दाजींनी पहिल्याच दिवशी खरा दिला होता, कारण शिक्का तयार झाल्याचं कळणार कसं? आणि मेहुण्याची सही वळणदार होती, शाळेपासून घोटलेली. सही करायची म्हटल्यावर हात आपोआप चालला. खोट्या नावासमोर खरी सही, आणि सहीखाली दोन रेघा.

घरी माझा मान मोठा होता. मेहुणा मला शाईच्या गादीवर टेकवायचा, तोंडाजवळ धरून 'हाऽ' करून वाफ सोडायचा आणि मग दाबायचा. वाफेचा काही उपयोग नसतो, पण शिक्का मारणारी दहातली नऊ माणसं ते करतात, आणि ती वाफ आम्हाला सोसावी लागते. तीन दिवसांत मी चारशे लेबलांवर 'शुद्ध आढळले' म्हणालो. एका संध्याकाळी दाजींच्या मुलीला खोकला झाला. दाजींची बायको म्हणाली, "अहो, यातलीच एक बाटली फोडू का?"

"नको," दाजी म्हणाले. "दुकानातून आण. चांगला बघून आण."

"दुकानात आता आपलाच लागलाय."

दाजींनी बाटल्यांच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाले, "गरम पाणी दे तिला."

पुढचं मी फौजदारांच्या तोंडून ऐकलं, जबाब वाचून दाखवला गेला तेव्हा.

प्रयोगशाळेत शिक्के मारण्याचं काम एक बाई करत. एकोणीस वर्षं त्या रोज 'शुध्द' मारत होत्या आणि एकोणीस वर्षं त्यांना ते खुपत होतं. नोकरी लागली त्याच महिन्यात त्यांनी अर्ज दिला होता, 'शिक्क्यातील चुकीच्या दुरुस्तीबाबत'. त्याची फाईल झाली, फाईल जाड झाली, चार साहेब बदलले, शिक्का तोच राहिला. या बाई एका रविवारी दुकानात गेल्या, मधाची बाटली उचलली आणि जागीच थबकल्या. लेबलावर 'शुद्ध' बरोबर लिहिलेलं होतं.

बाईंना वाटलं, नवीन शिक्का आला. सोमवारी त्या थेट साहेबांच्या खोलीत.

"साहेब, एकोणीस वर्षं मी मागे लागले. आणि नवीन शिक्का आला तर तो दुसऱ्याच्या हातात? मला साधं सांगितलंसुद्धा नाही?"

"कुठला नवीन शिक्का?"

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. साहेबांनी फाईल मागवली. फाईल अजून विचाराधीन होती. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "आपला असता तर बरोबर असता का?"

मी पकडला गेलो तो हा असा. चुकीमुळे पकडले गेलेले खोटे शिक्के ढिगाने सापडतील. बरोबर असल्यामुळे पकडला गेलेला मी एकटाच असेन.

फौजदारांनी शहरात चौकशी केली. तीन शिक्केवाल्यांनी बाटली बघून एकच उत्तर दिलं, "एवढं शुद्ध आम्ही नाही लिहीत, साहेब. वेलांटीकाकांकडे जा."

फौजदार जिन्याखाली वाकून आत आले. बाटली ठेवली. काकांनी आनंदाने ओळखलं. "माझंच काम. बघा, जोडाक्षर बघा."

"बघितलं," फौजदार म्हणाले. "काका, हा शिक्का खोटा आहे. सरकारी शिक्का लेखी परवानगीशिवाय केलात. दुकानाला टाळं लागेल, आणि तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

काकांचा हात भिंगावरच राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ मारलेला माणूस. त्याच्याकडे बोट दाखवून कोणी चूक म्हणालं नव्हतं. खाली बसायला गेले तर खुर्ची थोडी बाजूला होती.

लेकीने वडिलांना धरून बसवलं आणि वही काढून फौजदारांसमोर उघडली. माझा पहिला ठसा. तारीख. पत्र. फोन. सही, खाली दोन रेघा. फौजदार वाचत गेले आणि त्यांचा आवाज उतरत गेला. "खोटं काम करणारा हे सगळं लिहून ठेवत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण वहीत नाव खोटं असणार. फोन लावला तर सावध होतील. ते दोघे आणि शिक्का एकत्र हाती लागले, तर तुम्ही फसवले गेलात हे सिद्ध होईल. नाहीतर मला तुम्हालाच धरावं लागेल. एक करा. फोन करून सांगा, शिक्क्यात चूक राहिलीय, आणा, फुकट बदलून देतो."

काका ताठ बसले. "तसं मी म्हणणार नाही."

"का?"

"चूक राहिलेली नाही."

"काका, तुम्ही आत जाल."

"जाईन. पण माझ्या कामात चूक राहिली असं खोटं सांगणार नाही."

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही नका म्हणू. मी म्हणते."

"तूही नाही. दुकानाच्या नावावर खोटं नाही." एवढं बोलून काकांनी वही ओढली, फौजदारांना दाखवण्यासाठी. "हे घ्या, अक्षरन् अक्षर बघा." भिंग ठेवलं आणि ठशाच्या कडेवरून बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागले. दुसऱ्या अक्षरापाशी बोट थांबलं.

तपसाणी.

मी सुरुवातीलाच तुम्हाला माझा मजकूर सांगितला होता. कोणाला दिसलं असेल तर त्याला माझा नमस्कार. बाकीच्यांनी वाईट वाटून घेऊ नका. चारशे बाटल्यांवर ते छापलं होतं. दुकानदाराला दिसलं नाही, दाजींना दिसलं नाही, एकोणीस वर्षं एका शब्दाकडे बघणाऱ्या बाईंना दुसरा शब्द दिसला नाही. जुळवताना लेकीच्या हातून 'पा'चा काना सरकून 'स'ला लागला होता, आणि काका 'द्ध'च्या कौतुकात होते.

मग काकांनी स्वतः फोन लावला.

"वेलांटीकाका बोलतोय," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की फौजदारांना वाकावं लागलं. "तुमच्या शिक्क्यात चूक राहिली आहे. माझी चूक आहे. घेऊन या, बदलून देतो."

"फुकट?" पलीकडून दाजी.

"फुकट."

दुसऱ्या दिवशी दोघेही आले. एकाने यायचं काम होतं, पण फुकट म्हटल्यावर दुसऱ्याला घरी बसवेना. फौजदार साध्या कपड्यांत कोपऱ्यात गिऱ्हाईक म्हणून बसले होते. मेहुण्याने मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

"चूक तुमची, तर मूठही नवीन द्या," दाजी म्हणाले. "आणि आमच्या चारशे लेबलांचं काय?"

"कुठल्या लेबलांचं?" कोपऱ्यातून फौजदार म्हणाले.

"आमच्या. मधाच्या."

"म्हणजे हा शिक्का तुमचाच?"

"मग कोणाचा? वहीत सही आहे आमची."

मेहुण्याने तेवढ्यात फौजदारांचे बूट बघितले. साध्या कपड्यांत फौजदार बूट बदलायला विसरले होते. शहाणपण एकाच बाजूला असतं असं नाही. "दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "पाय."

"आता कुठे आहे पाय?"

"तुमचा नाही. त्यांचा."

जीपमध्ये बसताना दाजी म्हणत होते, "हुबेहूब म्हटलं होतं मी. हुबेहूब केलं असतं तर कोणाला कळलं नसतं." आणि मेहुणा म्हणत होता, "पण दाजी, बरोबर तर केलं होतं ना."

तेव्हापासून मी कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात. शेजारी एक मोबाईल आहे. त्याच्या मालकाने एका कार्यालयात चोरी करताना बॅटरी संपली म्हणून त्याला तिथेच चार्जिंगला लावलं आणि विसरून गेला. सकाळी हवालदाराने उचलला तेव्हा पडद्यावर 'आई' असं आलं. माउली विचारत होती, "कुठे आहेस रे? जेवायला काय करू?" हवालदाराने तिलाच पत्ता विचारला. आम्ही दोघे शेजारी सुखाने राहतो. इथे कोणी कोणाला हसत नाही. माझ्या गळ्यात चिठ्ठी आहे, 'बनावट शिक्का, मजकूर शुध्द आढळले'. होय, चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही तसंच लिहिलं आहे.

काकांची साक्ष झाली तेव्हा मला टेबलावर ठेवलं होतं. वकिलांनी विचारलं, "हा तुम्हीच केलात?"

"मीच," काका म्हणाले. "यातला 'शुद्ध' बरोबर आहे, 'तपासणी' चूक आहे. दोन्ही माझंच." मग साक्ष लिहून घेणाऱ्याच्या कागदाकडे त्यांची नजर गेली. हात उचलला गेला, पण त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. पुढच्या रांगेत बसलेल्या लेकीने सुटकेचा श्वास सोडला.

दुकानाला टाळं लागलं नाही. पुढे प्रयोगशाळेने नवीन शिक्क्याची मागणी त्याच दुकानात पाठवली, साहेबांच्या पत्रासह. या वेळी काकांनी स्वतः फोन करून खात्री केली. पत्रात एक अट होती. चूक हीच आता खऱ्या शिक्क्याची ओळख झाली असल्याने 'शुध्द' असंच ठेवावं. एकोणीस वर्षांची फाईल त्या एका ओळीने बंद झाली. हे सगळं त्या बाई दुसऱ्या एका खटल्याला आल्या होत्या, तेव्हा खोलीबाहेरच्या बाकावर बसून सांगत होत्या. शिक्का लेकीने केला. तो होईपर्यंत काका दुकानाबाहेर उभे राहून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते, म्हणजे तिथेही सुख नव्हतंच.

माझा निकाल लागला आहे. कागदावर लिहिलं आहे, 'मुद्देमाल नष्ट करावा'. कधीतरी कोणी येईल, मूठ चुलीत जाईल, रबराचा वास सुटेल आणि 'शुद्ध' हा बरोबर लिहिलेला शब्द संपेल. तक्रार नाही. चारशे वेळा खोटं बोललो.

जाता जाता एकच मागणं. त्या वहीत, माझ्या पहिल्या ठशाखाली, काकांनी नंतर लाल पेनाने एक ओळ लिहिली. पानाची नक्कल माझ्या खटल्याच्या कागदांत आहे, म्हणून मला ठाऊक. 'शब्द तपासला, माणूस तपासला नाही. आणि शब्दही अर्धाच तपासला.' खाली सही, साधी, रेघा न मारलेली. त्यांना वाचवलं ते त्यांच्या 'द्ध'ने नाही, त्या वहीने. तेव्हा तुम्हीही एक वही ठेवा. काय केलं, कोणासाठी केलं, कुठे चुकलं, सगळं लिहा. चुकलेलं आधी लिहा. आणि लिहून झालं की बोट ठेवून एकदा मोठ्याने वाचा.